वाटेवरचें सख्य

मराठी भाषेंत मैत्रीच्या नात्याला जितकीं नांवें आहेत तितकीं दुसऱ्या एखाद्या नात्याला क्वचितच असतील. मित्र हा सर्वसामान्य शब्द झाला. सभेंतील भाषणांत ज्याचें नांवही आठवत नाहीं अशा गृहस्थालाही तो लावतां येतो. स्नेही हा शब्द त्याहून भारदस्त. लग्नपत्रिकेंत आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेंत तो शोभून दिसतो. सवंगडी म्हटला कीं विटीदांडू आणि चिंचेचें झाड आठवतें. आणि त्या झाडावरून पडल्याची हकीकत चारचौघांत सांगण्याचा ज्याला आजन्म अधिकार मिळालेला असतो तो लंगोटीयार. जिवलग या शब्दांत थोडी कविता आहे, दोस्त या शब्दांत थोडी बेफिकिरी आहे, आणि घरोबा या शब्दांत तर माणसांइतकेंच त्यांच्या स्वयंपाकघरांचेंही सख्य गृहीत धरलेलें आहे. या सर्व मंडळींत अगदीं शेवटीं, बहुधा दाराशींच, एक शब्द उभा असतो. तो म्हणजे सोबती.

सोबत ही वाटेपुरती असते. लेकीला पुण्यापर्यंत सोबत पाहिजे असली म्हणजे आई चार घरीं विचारून ठेवी. सोबत मिळाली कीं निश्चिंत होई. आणि पुण्याचें स्टेशन आलें कीं त्या सोबतिणीचें कामही संपे आणि नातेंही संपे. पुढें ती कोणत्या पेठेंत राहते याची चौकशी कोणी करीत नसे. नात्यांची प्रतवारी लावणाऱ्यांनीं म्हणूनच या नात्याला तळाशीं बसविलें. एखाद्या ओळखीला ‘आगगाडींतली ओळख’ म्हटलें म्हणजे ती जमेस धरूं नये असेंच सुचविलेलें असतें. वीस वर्षें टिकली ती मैत्री खरी, वीस तासांत संपली ती नुसती करमणूक, असा हा हिशेब आहे. तो एकदां तपासून पाहण्यासारखा आहे. कारण त्यांत काळ मोजला जातो, परंतु त्या काळांत काय घडलें हें मोजलें जात नाहीं.

पाश्चात्त्य विद्येंत मैत्रीचे प्रकार पाडण्याचा सर्वांत प्रसिद्ध उद्योग ॲरिस्टॉटलचा. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील या तत्त्ववेत्त्यानें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या दहा भागांपैकीं आठवा आणि नववा असे दोन संपूर्ण भाग मैत्रीच्या विवेचनाला दिले. न्यायाला त्यानें एकच भाग दिला आहे, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्याच्या मतें मैत्री तीन कारणांनीं जडते: उपयोगासाठीं, सुखासाठीं आणि गुणांसाठीं. उपयोगाची मैत्री विशेषतः वृद्धांत आढळते, सुखाची तरुणांत, आणि गुणांची चांगल्या माणसांत. पहिल्या दोन मैत्र्या कारण सरलें कीं सरतात. तिसरी टिकते, परंतु ती दुर्मिळ असते आणि तिला वेळ लागतो. या ठिकाणीं तो एका लोकोक्तीचा आधार घेतो. दोघांनीं मिळून ठराविक माप मीठ खाल्ल्यावांचून त्यांना एकमेकांची पारख होत नाहीं, असा तिचा आशय आहे. मिठाला जागण्याची भाषा बोलणाऱ्या मराठी माणसाला ही उक्ति परकी वाटूं नये.

या मापानें पाहिलें तर सहप्रवासी पहिल्याच परीक्षेंत नापास होतो. मुंबईहून नागपूरला पोंचेपर्यंत दोघांनीं मिळून मीठ खाऊन खाऊन किती खावें! परंतु त्याच आठव्या भागांत आणखी दोन विधानें आहेत आणि तीं बहुधा दुर्लक्षिलीं जातात. माणूस माणसाला किती जवळचा आहे हें प्रवासांतही दिसून येतें, असें ॲरिस्टॉटल आरंभींच सांगून ठेवतो. पुढें तो म्हणतो कीं एका जहाजावरचे प्रवासी आणि एका सैन्यांतले शिपाई एकमेकांना मित्र म्हणून हांक मारतात आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. कारण ज्या बाबतींत दोघांची भागीदारी असते त्या मर्यादेपर्यंत त्यांची मैत्री असते. जहाज बंदराला लागलें कीं ती भागीदारी संपते हें खरें. तथापि जहाज समुद्रांत असेपर्यंत ती खोटी होती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

आपल्याकडे तर विचाराची मजल याहून पुढें गेलेली आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत ‘साप्तपदीन’ हा शब्द सख्य या अर्थीं कसा सिद्ध होतो हें सांगणारें एक स्वतंत्र सूत्रच आहे. सात पदांनीं जें घडतें तें साप्तपदीन. पद म्हणजे पाऊल, तसेंच पद म्हणजे शब्दही. म्हणून सात पावलें बरोबर चालल्यानें म्हणा कीं सात शब्द बोलल्यानें म्हणा, सज्जनांचें सख्य जडतें अशी ही कल्पना आहे. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत बटूचा वेष घेऊन आलेला शंकर तप करणाऱ्या पार्वतीशीं बोलतांना याच कल्पनेचा आधार घेतो. आपणांस परका समजूं नये, एवढ्या बोलण्यानें आपलें सख्य झालें आहे, असें तो तिला सुचवितो. विवाहांतील सप्तपदी तर सर्वांच्याच परिचयाची आहे. सातव्या पावलाला वधूला जें संबोधन आहे तें गृहिणी किंवा स्वामिनी असें नसून सखा असें आहे, याकडे मात्र पंगतीची घाई झालेल्या मंडळींचें लक्ष क्वचितच जातें. म्हणजे ज्या नात्याला जन्माची गांठ म्हणावयाचें त्याचा आरंभही बरोबर चालण्यांतच मानलेला आहे.

परंतु या सात पावलांचा सर्वांत धीट उपयोग महाभारताच्या वनपर्वांतील सावित्रीनें केला. सत्यवानाचे प्राण घेऊन यम दक्षिणेकडे चालूं लागला आणि ती त्याच्या मागोमाग निघाली. मागें फिर, असें यमानें सांगितलें, तेव्हां तिनें जें उत्तर दिलें त्यांत प्रार्थनेपेक्षां युक्तिवाद अधिक आहे. सात पावलें बरोबर चालल्यानें मैत्री होते असें ज्ञाते सांगतात; आपण दोघें तेवढें चाललों आहोंत; तेव्हां त्या मैत्रीला पुढें करून चार शब्द बोलतें, ते ऐकून घ्यावे, असा तिच्या बोलण्याचा भाव आहे. यमानें ते ऐकून घेतले, आणि अंध सासऱ्याला दृष्टि मिळण्याचा पहिला वर तिला दिला. पातिव्रत्याच्या तेजाची म्हणून ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आणि तें योग्यच झालें. परंतु ज्याच्याशीं जन्मांत पुन्हां बोलण्याचा प्रसंग यावयाचा नाहीं अशा वाटेवरच्या सोबत्याशीं एका स्त्रीनें मैत्रीच्या हक्कानें बोलावें आणि त्यानेंही तो हक्क मान्य करावा, ही या कथेंतली दुसरी बाजू वटसावित्रीच्या पूजेच्या गर्दींत हरवून गेली.

त्याच वनपर्वांत पुढें यक्षप्रश्नाचा प्रसंग येतो. प्रवाशाचा मित्र कोण, घरीं राहणाराचा कोण, रोग्याचा कोण आणि मरणाराचा कोण, असें यक्षानें विचारलें. युधिष्ठिरानें उत्तर दिलें कीं घरीं राहणाराचा मित्र त्याची भार्या, रोग्याचा वैद्य, मरणाराचा दान, आणि प्रवाशाचा मित्र सार्थ, म्हणजे बरोबर चालणारा तांडा. हें उत्तर ॲरिस्टॉटलच्या वर्गीकरणाशेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. ग्रीक पंडितानें मैत्रीचे प्रकार हेतूंवरून पाडले आणि त्यांत उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी उतरंड लावली. युधिष्ठिरानें ते प्रसंगांवरून सांगितले आणि उतरंड मुळींच लावली नाहीं. वैद्य हा भार्येपेक्षां कमी प्रतीचा मित्र आहे काय, हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं; ज्वर चढलेला असतांना वैद्यच हवा. तसेंच जंगलांतून वाट काढणाऱ्या प्रवाशाला घरचा जिवलग मित्र आठवून कांहीं उपयोग नाहीं. जो मागें चालतो आणि ज्याच्या हातांत काठी आहे तोच त्या रात्रीपुरता जिवलग.

क्षणिक भेटीविषयीं आपल्याकडची अधिक परिचित उपमा निराळी आहे. महासागरांत वाहणारे दोन ओंडके जवळ येतात आणि पुन्हां दूर जातात. तशीच आप्तांची गांठ, असें वाल्मीकीच्या अयोध्याकांडांत राम भरताला समजावितो. १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसृत होऊं लागलें आणि गदिमांच्या शब्दांनीं व सुधीर फडके यांच्या स्वरांनीं ही उपमा मराठी घराघरांत गेली. तिचा उपदेश वैराग्याचा आहे: भेट आहे तेथें ताटातूट आहे, म्हणून शोक करूं नये. शोक आंवरावयाचा असेल तेव्हां याहून चांगली उपमा नाहीं. परंतु ओंडक्यांना सात शब्द बोलतां येत नाहींत, आणि येथें सर्व फरक पडतो.

वाटेवर भेटलेल्या परक्याशीं माणूस जें बोलतो तें पुष्कळ वेळां घरच्यांशींही बोलत नाहीं, हा अनुभव सर्वांचाच आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यानें १९०८ मध्यें परक्या मनुष्यावर एक छोटेखानी निबंध लिहिला. त्यांत त्यानें हें नोंदविलें आहे कीं बाहेरून आलेल्या व कोणाशींही बांधला न गेलेल्या मनुष्यापाशीं लोक आश्चर्य वाटावें इतक्या मोकळेपणानें मन उघडें करतात. धर्मगुरूपाशीं पापाची कबुली द्यावी तशीं गुपितें त्याच्या पदरांत टाकतात. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला सांगितलेली गोष्ट घरांतच राहते आणि रोज डोळ्यांसमोर येते. मनमाडला उतरून जाणाऱ्या बाईला सासूविषयीं जें सांगितलें तें सासूच्या कानीं जाण्याचा संभव नसतो, आणि ती बाईही सल्ला देतांना कोणाच्या बाजूची नसते. आगगाडीच्या बायकांच्या डब्यांत आजवर जीं दुःखें बोललीं गेलीं असतील तीं जर लिहून ठेविलीं असतीं, तर महाराष्ट्राच्या कौटुंबिक इतिहासाचीं कित्येक पानें निराळीं लिहावीं लागलीं असतीं.

या मोकळेपणाचें एक विलक्षण उदाहरण मराठी वाङ्मयांतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्यें आपल्या चुलत्यांबरोबर दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. ‘माझा प्रवास’ हें त्यांचें वृत्त चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें प्रसिद्ध केलें. महूच्या अलीकडे त्यांना वाटेंत कांहीं शिपाई भेटले आणि त्यांनीं लवकरच होऊं घातलेल्या उठावाची वार्ता या दोघां परक्या भिक्षुकांना सांगून टाकली, पुढें न जाण्याविषयीं सावध केलें. जी गोष्ट वरिष्ठांच्या कानीं जाणें म्हणजे फांसावर चढणें, ती गोष्ट ज्यांच्याशीं घटकेपूर्वीं ओळखही नव्हती अशा वाटसरूंपाशीं बोलली गेली. त्यांत त्या शिपायांचा कांहीं लाभ नव्हता. समोर दोन निरुपद्रवी माणसें आगीच्या दिशेनें चाललीं आहेत एवढेंच त्यांना दिसलें. हे दोघे त्यांचे ऐकूनही पुढेंच गेले ही गोष्ट वेगळी. तसें झालें नसतें तर मराठी वाचक एका अपूर्व ग्रंथाला मुकला असता.

असो. एवढी मोठी वार्ता प्रत्येक प्रवासांत कानीं पडत नाहीं. सामान्य प्रवासाची रीत सामान्यच असते, आणि ती पाहण्यांत मौज आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तेव्हां चौदा डब्यांत सुमारें चारशें पाहुणे होते. त्या दिवशीं त्यांच्यांत काय बोलणीं झालीं असतील तीं असोत. परंतु पुढें डब्यांतला एक शिष्टाचार आपोआप तयार झाला. बाहेरून दारांत शिरूं पाहणारा मनुष्य हा शत्रू. तो आंत आला कीं पुढच्या स्टेशनावर दार अडवून उभा राहण्यांत तोच सर्वांत पुढें. पहिला अर्धा तास ट्रंका आणि वळकट्या यांच्या सरहद्दी ठरविण्यांत जातो. मग कोणाचें तरी मूल समोरच्या आजोबांच्या चष्म्याला हात घालतें आणि तहाची बोलणीं सुरू होतात. शेवटीं शिदोरी सुटते. दशम्या, लसणाची चटणी, गुळाची पोळी हे पदार्थ एकट्यानें खाण्याचे नव्हेतच. पुढें केलेला घांस नाकारणें हा अपमान समजला जाई. आतां अनोळखी माणसाकडून खाण्याचे पदार्थ घेऊं नयेत अशी सूचना रेल्वेलाच वारंवार द्यावी लागते, कारण गुंगीचें औषध घालून लुटण्याचे प्रकार खरोखरच घडले आहेत. सूचना योग्य आहे. तिच्यामुळें एक जुनी रीत मोडत चालली हेंही तितकेंच खरें आहे. आणि उरलेली रीत खिशांतल्या मोबाइलनें मोडली. ज्याला त्याला आपापल्या घरचीं माणसें डब्यांतच बोलावून घेतां येऊं लागल्यावर समोरच्या बाकावर कोण बसलें आहे हें पाहण्याची निकड राहिली नाहीं.

वास्तविक माणसें आपल्या मनाचा अंदाज स्वतःच चुकीचा करतात. शिकागो येथील संशोधक निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांनीं २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उपनगरी गाडीच्या कांहीं उतारूंना शेजारच्या अनोळखी माणसाशीं बोलण्यास सांगितलें, कांहींना गप्प बसण्यास सांगितलें. अशा गप्पा त्रासदायक होतील असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत जे बोलले त्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. आपल्या पूर्वजांना हें शोधून काढण्यासाठीं प्रयोगाची गरज पडली नसती, परंतु त्यांच्या नातवंडांना ती आहे.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांनीं तर मैत्रीचा एक मधलाच प्रकार निर्माण केला आहे. तो धड वाटेवरचा नाहीं आणि धड घरचाही नाहीं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेलीं माणसें. वर्षानुवर्षें रोज एक तास. तिघांच्या बाकावर सरकून दिलेली चौथी सीट, हातावर टाळ घेऊन म्हटलेलीं भजनें, दसऱ्याला डब्याला बांधलेलीं झेंडूचीं तोरणें, बायकांच्या डब्यांत होणारें हळदीकुंकू आणि निवडलेली भाजी, हें सारें या मैत्रीचें वैभव होय. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेटहून बोरिवलीकडे पहिली खास स्त्रियांची गाडी सुटली तेव्हां या संसाराला स्वतःचें घरच मिळालें. पुण्या-मुंबईच्या दख्खनच्या राणीचें, ती १ जून १९३० रोजीं सुरू झाली म्हणून, तिचे नेहमींचे उतारू दर १ जूनला वाढदिवस साजरे करीत आले आहेत. अशा मंडळींना एकमेकांच्या मुलांचीं नांवें, रक्तदाब आणि साहेबाचा स्वभाव ठाऊक असतो. घराचा पत्ता मात्र पुष्कळदां ठाऊक नसतो. एखादा गृहस्थ चार दिवस दिसला नाहीं तर त्याची जागा धरून ठेवतात, आठव्या दिवशीं काळजी करतात, आणि चौकशी कोठें करावी हें कोणालाच माहीत नसतें.

ही मैत्री केवळ वेळ घालविण्याची आहे असें म्हणणारांनीं २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा. त्या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले, आणि लक्षावधि माणसें पायीं घराकडे निघालीं. छातीइतक्या पाण्यांत उघडीं गटारें कोठें आहेत हें दिसत नव्हतें, म्हणून अनोळखी माणसांनीं एकमेकांचे हात धरून सांखळ्या केल्या. वस्त्यावस्त्यांतून लोकांनीं वाटसरूंना चहा दिला, बिस्किटें दिलीं, रात्रीपुरती जागा दिली. युधिष्ठिराच्या उत्तरांतला सार्थ तो हाच. दुसऱ्या दिवशीं पाणी ओसरलें आणि त्या सांखळींतल्या बहुतेकांची पुन्हां गांठही पडली नाहीं. त्या रात्रीं शेजारच्याचा हात धरतांना आडनांव विचारण्यास सवड कोणाला होती?

नेमका हाच प्रश्न निवांतपणीं विचारला जातो आणि तेथें वाटेवरच्या सख्याची खरी परीक्षा लागते. ‘आपण कोण?’ हा प्रश्न दिसावयास साधा आहे. कोंकणांतले कीं देशावरचे, कोणत्या गांवचे, अमक्यांचे कोण लागतां, असें करीत करीत तो आडनांवाशीं येऊन पोंचतो. तेथून पुढें एक तर गप्पा रंगतात, नाहीं तर समोरच्याला एकाएकीं झोंप येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या आठवणींच्या एका छोट्या इंग्रजी लिखाणांत असा एक प्रसंग सांगितला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नांवानें तें लिखाण त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्यें, पुस्तिकारूपानें प्रसिद्ध झालें. १९०१ च्या सुमाराची ही गोष्ट. त्यांचे वडील साताऱ्यापासून दूर दुष्काळी कामावर खजिनदार होते, आणि सुट्टींत त्यांच्याकडे जाण्यासाठीं घरांतलीं लहान मुलें नवे कपडे घालून आगगाडींत बसलीं. मसूर स्टेशनावर उतरलीं तों त्यांना न्यावयास कोणीच आलेलें नव्हतें. पत्र वडिलांच्या हातीं पडलेंच नव्हतें. गाडी निघून गेली, फलाट मोकळा झाला, आणि हीं मुलें सामानाजवळ उभीं राहिलीं. स्टेशनमास्तर आपण होऊन जवळ आले. कोठें जावयाचें, कोणाची वाट पाहतां, अशी त्यांनीं आस्थेनें विचारपूस केली. परक्या गांवीं अडकलेल्या मुलांविषयीं वाटावी ती कळकळ त्यांना वाटत होती. मग त्यांनीं तो प्रश्न विचारला. आपण महार आहोंत असें मुलांनीं सरळपणें सांगितलें, आणि त्या गृहस्थांचा चेहरा पालटला. ते तसेच आपल्या खोलींत निघून गेले.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना माहीत असते. परंतु पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. कांहीं वेळानें स्टेशनमास्तर परत आले. दुप्पट भाडें देऊं केलें तरी एकही गाडीवान त्या मुलांना आपल्या गाडींत घेऊन जाण्यास तयार होईना; विटाळ होईल हें भय. तेव्हां मुलांनींच बैलगाडी हांकावी आणि गाडीवानानें बाजूनें चालावें, अशी तोड स्टेशनमास्तरांनींच सुचविली. म्हणजे त्यांच्यांतली माणुसकी मेली नव्हती. आरंभीं ती कोणत्याही अटीवांचून पुढें आली. नांव कळल्यावर मागें सरली. आणि मग विटाळाच्या नियमांतून जेवढी वाट मिळाली तेवढ्या वाटेनें पुन्हां आली. त्या रात्रीं मुलांजवळ फराळ होता, पण तोंड ओलें करावयास पाणी कोणीं दिलें नाहीं. नाक्यावरच्या कारकुनाला आपण मुसलमान आहोंत असें सांगूनही तें मिळालें नाहीं. ज्या देशांत सात पावलांनीं सख्य जडतें असें व्याकरणकारानें नमूद करून ठेविलें, त्याच देशांत गाडीच्या बाजूनें कित्येक कोस चाललेला गाडीवान आणि गाडींतलीं मुलें यांच्यांत तें जडूं शकलें नाहीं.

ही एका स्टेशनाची गोष्ट नव्हती. स्वातंत्र्यापूर्वीं अनेक स्टेशनांवर हिंदूंचें पाणी आणि मुसलमानांचें पाणी वेगळें मिळे, आणि तशा आरोळ्याही फलाटावर ऐकूं येत. आगगाडीनें माणसें एका बाकावर आणून बसविलीं एवढेंच तिचें काम. तांब्या पुढें करणें हें तिच्या वेळापत्रकांत नव्हतें.

महाराष्ट्रांत या प्रश्नाला बगल देण्याची एक जुनी युक्ति आहे, आणि ती आगगाडीच्या पुष्कळ आधींची आहे. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांना माउली म्हणतात. हांक मारावयाची ती माउली म्हणून, वाट मागावयाची ती माउली म्हणून, धक्का लागला तर पायां पडावयाचें तेंही माउली म्हणूनच. समोरच्याचें नांव ठाऊक असण्याची गरज या एका शब्दानें काढून टाकली. वीसएक दिवस बरोबर चालणें, एका तालावर नाचणें, एका पालाखालीं झोंपणें, दुसऱ्याच्या पायाच्या फोडांना तेल लावणें, हें सर्व त्या एका नांवावर चालतें. वाटेवरच्या सख्याला याहून चांगलें व्याकरण कोठें मिळालें असेल असें वाटत नाहीं.

तरीही ही युक्ति सर्वत्र पुरी पडली असें म्हणतां येत नाहीं. इरावती कर्वे वारींतून चालल्या आणि त्यांनीं ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडींत चालणाऱ्या, तेच अभंग गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचीं जेवणें मात्र वेगवेगळीं होत, हें त्यांनीं पाहिलें आणि त्याची बोंच त्या लेखांत उतरली. वाळवंटापर्यंत बरोबर आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना विठ्ठलाच्या देवळाचें दार बंद होतें. तें उघडावें म्हणून साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपूरला उपोषण केलें, आणि मग तें उघडलें. वाट मोकळी होती. उंबरठा मोकळा नव्हता. बरोबर चालणें आणि बरोबर बसून जेवणें या दोन गोष्टींत किती अंतर असूं शकतें हें त्या वाटेवर जितकें स्पष्ट दिसलें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसलें असेल. ॲरिस्टॉटलच्या मिठाची आठवण येथें पुन्हां होते.

प्रवासांत जडलेलें सख्य घरीं नेऊन लावण्याचा मोह अनेकांना होतो. उतरण्याच्या घाईंत पत्ते लिहून घेतले जातात, ‘अवश्य या’ असें म्हटलें जातें, आणि क्वचित् एखादा भाबडा गृहस्थ खरोखरच जातो. मग बैठकीच्या खोलींत दोघेही अवघडून बसतात. गाडींत ज्याच्या विनोदाला डबा हंसला होता तो आतां हवेविषयीं बोलतो. आणि ज्यानें आपल्या भावाशीं झालेल्या वांटणीच्या वादाची सर्व कथा सांगितली होती त्याच्या शेजारीं तो भाऊच बसलेला असतो. यांत कोणाचाही खोटेपणा नाहीं. सार्थ घराच्या दाराशीं आला म्हणजे त्याचा सार्थपणा संपतो, आणि घरीं राहणाराचा मित्र वेगळा असतो हें युधिष्ठिरानें सांगूनच ठेविलें आहे.

वारकऱ्यांना हा मोह फारसा होत नाहीं. आषाढी एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपुरीं काला होतो, तोंडांत लाह्या आणि दहीं घालून माउली माउलीच्या पायां पडते, आणि चालत आलेला तांडा एस. टी. च्या गाड्यांतून आणि आगगाड्यांतून आपापल्या गांवाकडे पांगतो. शेतें पेरून आलेले शेतकरी कोळपणीच्या काळजींत असतात. पत्ता विचारण्याचें कारण पडत नाहीं. दिंडीचा क्रमांक ठाऊक असतो, ती रथापुढें चालते कीं रथामागें हें ठाऊक असतें, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदीहून निघते हेंही ठाऊक असतें.